एकाच कंड्युटमधून वेगवेगळ्या व्होल्टेजच्या वायरी नेताना

पाइप एकच टाकलेला असतो, भिंत पुन्हा फोडायची नसते, आणि दिव्यांच्या २३० व्होल्टच्या वायरींबरोबर बेलची, एलईडी पट्टीची, नियंत्रणाची किंवा इंटरनेटची वायरही त्याच पाइपमधून न्यावी, असा विचार मनात येतो. याचे उत्तर सरसकट ‘चालते’ किंवा सरसकट ‘चालत नाही’ असे देता येत नाही. ते दोन प्रश्नांवर अवलंबून आहे. पहिला प्रश्न असा, की त्या पाइपमध्ये जो सर्वांत जास्त दाब (व्होल्टेज) असणार आहे तो सोसण्याइतके इन्सुलेशन आतल्या प्रत्येक वायरला आहे का. दुसरा प्रश्न असा, की कमी दाबाची वायर शेवटी कुठे बाहेर पडते: एखाद्या यंत्राच्या बंद पेटीत, की माणसाचा हात सहज लागेल अशा ठिकाणी. बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात आणि तिथेच थांबतात. प्रत्यक्षात निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर ठरतो.

पुढील विवेचन १००० व्होल्ट एसीपर्यंतच्या, म्हणजे इमारती आणि लहान यंत्रांच्या वायरिंगपुरते आहे. त्यावरच्या दाबाच्या केबल या वायरिंगच्या पाइपमध्ये कधीही घालू नयेत. शिवाय आपल्या भागात लागू असलेली नियमावली येथे सांगितलेल्यापेक्षा कडक असेल तर तीच पाळावी, आणि जिथे परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घेणे बंधनकारक आहे तिथे ते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

कमाल दाबाचा नियम

इमारतींच्या वायरिंगसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ दाबाचे दोन पट्टे धरते. पहिल्या पट्ट्यात ढोबळमानाने ५० व्होल्ट एसी किंवा १२० व्होल्ट डीसीपर्यंतची सर्किट येतात: बेल, सिग्नल, नियंत्रण, दूरसंचार. दुसऱ्या पट्ट्यात त्यावरची, १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसीपर्यंतची सर्किट येतात. या दोन पट्ट्यांतल्या वायरी एका पाइपमध्ये एकत्र घालू नयेत, हा मूळ नियम आहे. मात्र प्रत्येक वायरचे इन्सुलेशन तिथल्या कमाल दाबासाठी योग्य असेल, किंवा दोन्ही प्रकारच्या वायरी मधल्या पडद्याने वेगळ्या केलेल्या कप्प्यांतून जात असतील, तर सूट मिळते. यंत्रांच्या विद्युत साहित्यासाठीचे आयईसी ६०२०४-१ हे मानकही वेगवेगळ्या दाबांच्या वायरींबाबत हेच सांगते: मध्ये आडपडदा ठेवा किंवा सर्व वायरींना कमाल दाबाचे इन्सुलेशन द्या.

आता वायरवर छापलेले आकडे वाचावे लागतात. ‘४५०/७५०’ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा वायर आणि अर्थ यांच्यामधला, तर दुसरा दोन वायरींमधला अनुज्ञेय दाब सांगतो. घरगुती वायरिंगची चांगल्या प्रतीची सुटी वायर या वर्गातली असते आणि २३० किंवा ४०० व्होल्टच्या शेजारी ती निर्धास्तपणे राहू शकते. बेलसाठी विकली जाणारी बारीक जोडवायर, टेलिफोनची वायर आणि यूटीपी केबल (पिळलेल्या जोड्यांची इंटरनेटची केबल) यांची गोष्ट वेगळी आहे. यूटीपीचे बाहेरचे आवरण हाताला भक्कम लागते, पण ते मुख्यतः घासण्यापासून आणि ओढण्यापासून संरक्षण देण्यासाठी असते. मेन्सच्या, म्हणजे मुख्य वीजपुरवठ्याच्या, दाबाचे इन्सुलेशन म्हणून ते सहसा प्रमाणित केलेले नसते. ज्या वायरवर दाबाचा वर्ग छापलेलाच नाही, तिला मेन्सच्या पाइपमध्ये जागा देऊ नये.

कमाल दाब ठरवताना एक गोष्ट हमखास निसटते. तीन फेजचा पुरवठा असलेल्या इमारतीत दोन वेगवेगळ्या फेजवरची दोन सर्किट एका पाइपमधून गेली, तर प्रत्येक सर्किट २३० व्होल्टचे असले तरी त्या दोन फेज वायरींमधला दाब ४०० व्होल्ट असतो. म्हणून एमसीबीवरचे (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचवरचे) नाव पाहून दाब ठरवू नये. कोणते सर्किट कोणत्या फेजवर आहे, हे आधी पाहावे.

वायर कुठे बाहेर पडते

समजा, १२ व्होल्टच्या वायरीही ४५०/७५० वर्गाच्याच घेतल्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तरीही पाइपमध्ये कोपऱ्यावर कुठेतरी घासून दोन्ही वायरींचे इन्सुलेशन सोलले गेले, तर २३० व्होल्ट थेट १२ व्होल्टच्या सर्किटवर चढतात, आणि ते सर्किट पुढे जिथे उघडे होते तिथे कुणीही या शक्यतेचा विचार केलेला नसतो. एलईडी पट्टीची तांब्याची टोके उघडी असतात, बेलच्या बटणाचे टर्मिनल पातळ प्लास्टिकमागे असतात, नेटवर्कच्या सॉकेटमध्ये धातूच्या पिना समोरच दिसतात. कमी दाबाच्या उपकरणांना मुळात जाड संरक्षण नसते, कारण सुरक्षा दाबाच्या कमीपणातूनच मिळेल असे गृहीत धरलेले असते. तो दाब कमी राहील याची हमी वायरिंगने द्यायची असते.

म्हणूनच ज्या सर्किटची सुरक्षा कमी दाबावरच उभी आहे, त्यांच्यासाठी आयईसी ६०३६४ वेगळेपणाची जास्त ठोस तरतूद मागते. त्या वायरींना मूळ इन्सुलेशनखेरीज आणखी एक अधातूचे आवरण द्यावे, किंवा दोहोंमध्ये अर्थ केलेला धातूचा पडदा असावा, किंवा कमी दाबाच्या वायरींचे इन्सुलेशन तिथल्या कमाल दाबाचे असावे, किंवा त्या सरळ वेगळ्या वाटेने न्याव्यात. अमेरिकेची एनईसी नियमावली आणखी एक पायरी पुढे जाते. तिथे १००० व्होल्ट एसीपर्यंतची निरनिराळी सर्किट कमाल दाबाच्या इन्सुलेशनच्या अटीवर एका पाइपमध्ये चालतात, पण मर्यादित शक्तीच्या पुरवठ्यावरची बेल किंवा थर्मोस्टॅटसारखी ‘क्लास २’ सर्किट काही ठरावीक अपवाद वगळता वीजपुरवठ्याच्या वायरींसोबत घालता येत नाहीत, मग त्यांचे इन्सुलेशन कितीही चांगले असो. एनईसीच्या या दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या की परस्परविरोधी वाटतात. पण पहिली वायरीचा विचार करते आणि दुसरी वायरीच्या टोकाशी असलेल्या माणसाचा.

हे लक्षात घेतल्यावर नेहमीची प्रकरणे लवकर सुटतात. एकाच मोटरच्या ४०० व्होल्टच्या वायरी आणि तिच्याच स्टार्टरच्या २४ व्होल्ट नियंत्रणाच्या वायरी एका पाइपमधून न्यायला हरकत नाही, कारण दोन्ही टोके बंद पेट्यांमध्ये असतात, दोन्ही एकाच यंत्राची सेवा करतात आणि सर्व वायरी एकाच वर्गाच्या घेणे सोपे असते. अपवाद फक्त व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटरचा. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या वायरींमध्ये दाब अत्यंत वेगाने चालू-बंद होत असतो, आणि त्याचा उपद्रव शेजारच्या सेन्सरच्या वायरींना इतका होतो की त्या केबलला स्वतःचा वेगळा पाइप आणि पडदा देणेच योग्य ठरते.

बेल आणि एलईडी पट्टी यांच्या वायरी माझ्या मते कधीही मेन्सच्या पाइपमध्ये घालू नयेत, नियम कुठे सूट देत असला तरी. भिंत उघडी असताना दुसरा पाइप टाकण्याचे काम मूळ कामाच्या तुलनेत किरकोळ असते. डेटा केबलबाबत सुरक्षेबरोबर गुणवत्तेचाही प्रश्न असतो. शेजारच्या वायरीतला प्रवाह बदलला की चुंबकीय क्षेत्रामुळे डेटा केबलमध्ये लहानसा दाब निर्माण होतो. केबलमधल्या जोड्या पिळलेल्या असल्यामुळे त्याचा मोठा भाग परस्पर रद्द होतो, पण सगळा नाही. मेन्सला समांतर जावेच लागले तर जास्तीत जास्त अंतर ठेवावे आणि ओलांडावे लागले तर काटकोनात ओलांडावे. धातूचा अंश अजिबात नसलेली ऑप्टिकल फायबर केबल हा प्रश्न मुळातच टाळते. स्थानिक नियम परवानगी देत असेल तर जुन्या एकुलत्या पाइपमधून इंटरनेट न्यायचा तो सर्वांत निर्वेध मार्ग आहे.

आगीचा इशारा देणारी आणि आपत्कालीन दिव्यांची सर्किट मात्र कोणत्याही दाबाची असोत, इतर वायरींपासून स्वतंत्रच न्यावीत. शेजारच्या सर्किटमध्ये जाळ झाला तर नेमकी तीच सर्किट चालू राहायला हवी असतात. सौर पॅनेलच्या डीसी वायरींनाही स्वतंत्र पाइप हवा. त्यांचा दाब कित्येकशे व्होल्ट असतो, ऊन असेपर्यंत त्या बंद करता येत नाहीत, आणि एसीचा प्रवाह दर आवर्तनात दोनदा शून्यावर येऊन ठिणगीला विझण्याची संधी देतो, तशी संधी डीसीमध्ये मिळत नाही.

मिश्रण टाळण्याचा एक सरळ उपाय

बऱ्याचदा वायरी एकत्र न्यायची वेळ येते ती ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर (एलईडीला कमी दाब पुरवणारे साधन) चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. स्विचबोर्डाजवळ ड्रायव्हर ठेवून तिथून १२ व्होल्ट छतापर्यंत न्यायचे ठरवले की पाइपमध्ये दोन दाब येतात. शिवाय दाबाची घटही होते. हिशेब असा: ६० वॉटची पट्टी १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो, म्हणजे १० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन २० मीटरचा रोध ०.३६ ओहम. त्यावर १.८ व्होल्ट घटतात, म्हणजे १५ टक्के, आणि पट्टी डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी मंद पेटते. तीच शक्ती २३० व्होल्टवर नेली तर प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास असतो आणि घट नगण्य. म्हणून पाइपमधून फक्त २३० व्होल्ट न्यावेत आणि ड्रायव्हर पट्टीजवळ, हवा लागेल आणि पुढे बदलता येईल अशा जागी बसवावा. बंद फॉल्स सीलिंगच्या आत झाकणाशिवाय पुरलेला ड्रायव्हर लवकर तापतो, आणि तो बिघडल्यावर छत कापावे लागते.

पाइपचे माप आणि उष्णता

सर्व वायरी एका पाइपमध्ये चालतील असे ठरल्यावर त्या मावतील का हे मोजावे. येथे सर्रास होणारी गल्लत अशी, की २.५ चौरस मिलिमीटर हा आकडा वायरने व्यापलेली जागा समजून बेरीज केली जाते. तो फक्त तांब्याचा छेद आहे. इन्सुलेशनसह त्या वायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर असतो, आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १२.६ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे पाचपट.

उदाहरण घेऊ. २५ मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास साधारण २१ मिलिमीटर धरला तर आतले क्षेत्रफळ ३४६ चौरस मिलिमीटर येते. त्यातून २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन सर्किटच्या सहा वायरी (फेज, न्यूट्रल, अर्थ प्रत्येकी) आणि बाहेरचा व्यास ३ मिलिमीटर असलेल्या पाच नियंत्रण वायरी न्यायच्या आहेत. सहा वायरींचे ७५.६ आणि पाच वायरींचे सुमारे ३५.४, असे मिळून १११ चौरस मिलिमीटर होतात. पाइप ३२ टक्के भरतो. एनईसी दोनपेक्षा जास्त वायरी असलेल्या पाइपसाठी ४० टक्क्यांची मर्यादा घालते, आणि इतरत्र काम करतानाही ती चांगली मार्गदर्शक ठरते. दोनपेक्षा जास्त वळणे असतील तर मी त्याहूनही कमीच भरण्याचा आग्रह धरीन, कारण गच्च पाइपमध्ये ओढताना सोललेली वायर बाहेरून दिसत नाही, आणि मिश्र दाबाच्या पाइपमध्ये नेमका तोच दोष सर्वांत घातक असतो.

उष्णतेचा हिशेब वेगळा करावा लागतो. पाइपमधून एकापेक्षा जास्त भारित सर्किट गेली की प्रत्येकाची प्रवाह वाहण्याची क्षमता कमी धरतात: आयईसीच्या तक्त्यानुसार दोन सर्किटना ०.८०, तीनांना ०.७०, चारांना ०.६५ आणि सहांना ०.५७ असा गुणक लागतो. पीव्हीसी इन्सुलेशनची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भिंतीवरच्या पाइपमध्ये ३० अंश सेल्सिअसला २४ अँपिअर वाहते. दोन सर्किट असल्यास ते १९.२ होतात, आणि सभोवतालचे तापमान ४० अंश असेल तर त्यावर ०.८७ चा गुणक लागून १६.७ उरतात. म्हणजे १६ अँपिअरची एमसीबी चालेल, २० ची चालणार नाही. नियंत्रणाच्या वायरींबाबत मात्र सवलत आहे: ज्या वायरीतून तिच्या गटातल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही हे निश्चित आहे, ती सर्किट मोजताना धरली नाही तरी चालते. २४ व्होल्टच्या रिले आणि सेन्सरच्या वायरी बहुतेक या सवलतीत बसतात. १२ व्होल्टच्या दिव्यांच्या वायरी बसत नाहीत, कारण दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त.

त्याच पाइपमध्ये पीव्हीसी आणि एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारे पॉलिथिनचे इन्सुलेशन) अशा दोन्ही प्रकारच्या वायरी असतील तर आणखी काळजी घ्यावी लागते. एक्सएलपीई ९० अंशांपर्यंत चालते, पीव्हीसी ७० अंशांपर्यंत. एक्सएलपीई वायर तिच्या पूर्ण क्षमतेने वापरली तर तिला काहीच होणार नाही, पण तिला चिकटून असलेल्या पीव्हीसीचे आयुष्य झपाट्याने घटेल. अशा पाइपमधल्या सर्वच वायरींचा प्रवाह ७० अंशांच्या हिशेबाने ठरवावा.

वायरी ओढताना

काम सुरू करण्यापूर्वी त्या पाइपमध्ये येणारी सर्व सर्किट बंद करावीत. हे वाचायला उघड वाटते, पण मिश्र पाइपचा खरा सापळा हाच आहे: दिव्यांची एमसीबी खाली केली आणि नियंत्रणाच्या वायरी दुसऱ्याच पॅनेलवरून किंवा यूपीएसवरून येत असल्या, तर त्या जिवंतच राहतात. प्रत्येक पुरवठा बंद करून त्याला कुलूप किंवा सूचनापट्टी लावावी, मग प्रत्येक वायर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ अशी मोजून मृत असल्याची खात्री करावी. मोजण्यापूर्वी आणि नंतर मीटर जिवंत ठिकाणी तपासून घ्यावा.

पाइपची टोके कापल्यावर आतली धार घासून गुळगुळीत करावी आणि टोकाला बुश (धार झाकणारी गुळगुळीत कडी) बसवावा. सर्व वायरी एकाच वेळी, एकाच फिश वायरला (पाइपमधून वायरी ओढण्याच्या लवचिक तारेला) बांधून ओढाव्यात. आधीच्या वायरींवरून नंतर आणखी एक ओढली की घर्षणाने खालच्या वायरींचे इन्सुलेशन कापले जाते. जुन्या पाइपमध्ये वायर वाढवायचीच असेल तर शक्य असल्यास सगळ्या वायरी बाहेर काढून नव्याने ओढणे चांगले. वायर ओढण्यासाठी मिळणारे खास वंगण वापरावे. तेल किंवा ग्रीस पीव्हीसीला इजा करते.

पाइप लोखंडी असेल तर एका एसी सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपमधून गेलेच पाहिजेत. दोन्हींचे प्रवाह विरुद्ध दिशांनी जात असल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. फेज एका पाइपमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यामधून गेला तर लोखंडात प्रवाह निर्माण होऊन पाइप तापतो. दाब वेगळे करण्याच्या नादात एकाच सर्किटच्या वायरी वेगवेगळ्या पाइपमध्ये टाकणे म्हणजे एक दोष टाळून दुसरा ओढवून घेणे. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रलही स्वतःचाच असावा.

रंगांनी ओळख पटवावी. यंत्रांसाठीच्या आयईसी ६०२०४-१ मध्ये मुख्य पुरवठ्याला काळा, एसी नियंत्रणाला लाल, डीसी नियंत्रणाला निळा आणि मुख्य स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या सर्किटना नारिंगी रंग सुचवलेला आहे. इमारतीत स्थानिक रंगसंकेत पाळावा, पण नारिंगी रंगामागची कल्पना उचलण्यासारखी आहे: दुसरीकडून पुरवठा येणाऱ्या वायरीला तिच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक बॉक्समध्ये ठळक चिठ्ठी लावावी.

बॉक्समध्ये शिस्त सर्वांत आधी सुटते. पाइपमध्ये वेगळ्या ठेवलेल्या वायरी जंक्शन बॉक्समध्ये मोकळ्या सोडल्या तर सारे वेगळेपण वाया जाते. दोन कप्प्यांचा बॉक्स किंवा मधली प्लास्टिकची भिंत वापरावी, मेन्सचे आणि कमी दाबाचे टर्मिनल वेगळ्या ओळीत ठेवावेत, आणि एखादी वायर टर्मिनलमधून निसटली तरी पलीकडच्या टर्मिनलपर्यंत पोहोचणार नाही एवढीच लांबी मोकळी ठेवावी.

तपासणी

इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय पुरवठा देऊ नये. आधी ड्रायव्हर, डिमर, सर्ज संरक्षक आणि सर्व इलेक्ट्रॉनिक साधने काढून ठेवावीत, नाहीतर चाचणीचा दाब त्यांना निकामी करील. कमी दाबाच्या सुरक्षित सर्किटसाठी २५० व्होल्ट डीसीवर किमान ०.५ मेगाओहम, आणि ५०० व्होल्टपर्यंतच्या सर्किटसाठी ५०० व्होल्ट डीसीवर किमान १ मेगाओहम यायला हवा. मिश्र पाइपमध्ये यापुढची एक चाचणी अत्यावश्यक आहे: कमी दाबाच्या सर्व वायरी एकत्र जोडून त्या आणि मेन्सच्या सर्व वायरी यांच्यामध्ये ५०० व्होल्टवर मोजावे, कारण प्रत्येक सर्किट स्वतंत्रपणे निर्दोष असूनही त्या दोहोंमध्ये सोललेली जागा असू शकते. नव्या वायरिंगमध्ये आकडा सहसा दहापट-शंभरपट मोठा येतो, तो १.२ मेगाओहम आला तर नियमात बसला म्हणून सोडून न देता वायर पुन्हा बाहेर काढून पाहावी. चाचणीनंतर वायरी अर्थला लावून त्यांत साठलेला विद्युतभार उतरवावा.

पुरवठा दिल्यानंतर एक गोंधळ ठरलेला असतो. बंद असलेल्या वायरवर टेस्टर मंद पेटतो किंवा डिजिटल मल्टिमीटर काही दशक व्होल्ट दाखवतो. लांबवर शेजारून जाणाऱ्या दोन वायरी लहानसा कपॅसिटर बनतात आणि त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका प्रवाह पलीकडे जातो; सुमारे १० मेगाओहम रोधाच्या मीटरला तेवढाही पुरतो. बंद केलेला एलईडी दिवा अंधारात फिकट चमकतो तो अनेकदा याच कारणाने. मात्र ‘हा तर भास आहे’ असे अंदाजाने ठरवू नये. कमी रोधाच्या दाबमापकाने पुन्हा मोजावे: भार लागताच दाब कोसळला तर तो शेजारच्या वायरीचा परिणाम आहे, आणि टिकून राहिला तर इन्सुलेशन कुठेतरी फाटले आहे, अशा वेळी पुरवठा लगेच बंद करून मेगर पुन्हा लावावा.

मोजलेले आकडे, कोणत्या वायरींमध्ये मोजले ते, आणि त्या पाइपमध्ये कोणकोणते दाब आहेत व प्रत्येकाचा पुरवठा कुठून बंद होतो, हे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. दुसऱ्या पॅनेलवरून येणाऱ्या सर्किटची नोंद त्या पॅनेलवरही करावी.